चढाला पुढं, उताराला मागं

आधी त्या कुत्र्याला खडे मारायचं बंद करा, मग तुमच्या विळ्या-कोयत्यांना हात लावते. नाहीतर बसा बोथट विळ्यानं गवत उपटत, माझं काय जातंय!

तो अडून बसलेला नाही. त्याला तसंच शिकवलंय. चढ संपला आणि उतार लागला की त्या जागी हा ढिम्म बसतो. ओढा, मारा, हाडूक दाखवा, उठायचा नाही. मी दांड्यांतून बाहेर येऊन गाडी धरते, त्याचा दोर पुढच्या आकड्यातून काढून मागच्या आकड्यात अडकवते, मग उठतो. चढाला आम्ही दोघं पुढं, गाडी मागं. उताराला गाडी पुढं आणि तिला धरून आम्ही दोघं मागं. एवढं साधं काम. पण एका शहाण्याला ते कळलं नाही. त्याचंच सांगते, तोवर तुमची हत्यारं होतील. तो विळा आण गं इकडं. पात्याला धरून नको देऊस, मुठीकडून दे. हं.

ही गाडी माझ्या नवऱ्यानं केली. आजारी पडल्यावर केली, निजल्या निजल्या सांगायचा आणि बसता आलं की ठोकायचा. मोडक्या दाराच्या फळ्या, भंगारातल्या मोटारसायकलची दोन चाकं, दांड्यांना पाण्याचे पाइप. दांड्यांच्या पुढच्या टोकांना हा आडवा पाइप जोडला, म्हणजे माणसानं आत शिरायचं आणि छाती लावून ओढायचं. वर हा धारेचा गोल दगड बसवला. उचलायला दोन गडी लागतात त्याला. बसायला पाट, खाली पायटा. पायटा दाबला की दगड फिरतो. कुत्र्याच्या छातीला जाड कापडाचा पट्टा शिवला, तो सगळ्यात शेवटी. तोवर कुत्रं दोर तोंडातच धरायचं. नवरा दोराला गाठ मारून द्यायचा आणि म्हणायचा, "धर पाव्हण्या." की हा गाठ दातात धरून चारी पाय रोवायचा. पाव्हणा हे त्याचं नाव. एक दिवस दारात आला, जेवला, आणि परत गेलाच नाही, म्हणून.

मी नवऱ्याला विचारलं, "एवढा खटाटोप कशासाठी? तुम्ही थोडेच फिरणार आहात आता?"

तो म्हणाला, "मी नाही गं. तू फिरणार. माझ्यामागं या घरात तुझे हाल कुत्रं खाणार नाही."

त्याला आपला भाऊ माहीत होता ना. माझा धाकटा दीर. दगडाच्या खाणीत कामाला, आणि तिथं त्याला घण म्हणायचे. हात तसाच होता आणि डोकंही तसंच. नवरा गेला त्या दिवसापर्यंत मला वहिनी म्हणायचा. दुसऱ्या दिवसापासून 'ए' झाले मी. ए, पाणी आण. ए, गोठा झाड. एकदा पाणी आणायला उशीर झाला तर भरली बादली तोंडावर हाणली. हा समोरचा दात आहे ना, नाही म्हणजे, तो त्या बादलीनं गेला. मी आठ महिने काढले. मग एक दिवस भर दुपारी, सगळी गल्ली बघत असताना, गाडी बाहेर काढली, पाव्हण्याला पट्टा घातला आणि निघाले. तो खाणीत होता म्हणून निघाले, उगाच शूरपणा नाही सांगत.

तेव्हापासून चालतेच आहे. गाव लागलं की थांबायचं, धार लावायची, कुणी चहा दिला तर प्यायचा, गाडीखाली निजायचं. पायांना घट्टे पडले, पण सकाळी उठल्यावर कुणाच्या पावलांचा आवाज ऐकून अंग चोरावं लागत नाही, हे केवढं सुख आहे ते तुम्हाला सांगून कळायचं नाही. कुणाकुणाला कळत असेल. तू का मान खाली घातलीस गं? असू दे. ऐक.

तर ते गाव डोंगराच्या माथ्यावर होतं. पिठाच्या गिरणीसमोर मोकळी जागा होती, तिथं मी बसले. कापणीचे दिवस, त्यामुळं हत्यारांचा ढीग लागलेला. खाटीक आपल्या तीन सुऱ्या घेऊन उभा. गिरणीवाला दारात, अंगभर पीठ. एक म्हातारी तिचा विळा घेऊन आली होती आणि मी नीट काम करते का ते बघायला अगदी माझ्या मांडीला मांडी लावून बसली होती. तिचाच विळा दगडावर होता. आधी पावसानं वाट चिकचिकीत झालेली, नंतर ऊन पडलं, चिखल वरून वाळला आणि आत ओला राहिला. असा चिखल पायाला बरा नसतो, वरून धरतो आणि आतून सोडतो.

पाव्हणा एकदम उठून उभा राहिला. अंगावरचे केस ताठ. मी वर बघितलं तर दीर. पायात खाणीतले जड बूट, हातात काठी.

"उठ," तो म्हणाला.

विळा हातात घेऊन मी उठणारच होते. पण चार माणसं बघत होती, मग माझीही जीभ सुटली. म्हटलं, "या भावोजी. काय आणलंत? सुरी की कोयता? नंबर लावा, म्हातारीच्या मागं."

"गाडी भावाची आहे. भाऊ गेला, आता ती माझी. उठ म्हणतो ना!"

"भावाचं सगळं तुमचंच का? मग सहा महिने तो खोकत होता, तो खोकला का नाही नेलात? तेव्हा तर दाराशीही फिरकला नाहीत."

खाटीक फिसकन हसला. तेच नडलं. चारचौघांत हसू झालेलं त्याला सोसायचं नाही. त्यानं पाटावरून मला केसाला धरून खाली ओढलं आणि बुटाची लाथ घातली, इथं, बरगडीत. श्वासच अडकला. पाव्हण्यानं त्याची पोटरी धरली आणि सोडेना. मग त्यानं काठी फिरवली आणि कुत्र्याच्या डोक्यात अशी मारली की तो कोलमडला, परत उठला, परत धावला, आणि त्यानं परत मारली. दुसऱ्या वेळी डोळ्यावर बसली. तो बघा, डावा डोळा अजून अर्धाच उघडतो.

मला मारलं तेव्हा मी गप्प होते. मार खायची सवय लागते माणसाला, फार वाईट सवय. पण कुत्रं ओरडलं आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. हातात म्हातारीचा विळा होताच. सपकन फिरवला. त्याच्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत लाल रेघ उमटली, आधी बारीक, मग रक्त धो धो. खरं सांगू? त्या वेळीही मला वाटलं, काय धार बसलीय!

"मारते का? मला मारते?" असं म्हणून त्यानं काठी दोन्ही हातांनी उचलली आणि माझ्या खांद्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मी कानांनी ऐकला. वाळकी काटकी मोडते तसा. डावा हात लोंबायला लागला. पुढचा तडाखा पाठीत, त्यापुढचा कुठं बसला आठवत नाही, तोंड चिखलात होतं.

मी ओरडले, "अहो, कुणी धरा की याला!"

गिरणीवाल्यानं हात वर केले. "आपण कसं मधे पडायचं बाई? दीर-भावजयीचं आहे. घरचं भांडण आहे."

खाटकाच्या हातात तीन सुऱ्या होत्या. तीन! तो त्या सुऱ्यांकडं बघत राहिला, जणू कधी बघितल्याच नव्हत्या.

दिरानं हाताला फडकं गुंडाळलं. पाव्हण्याला मानेला धरून फरफटत नेलं, पट्ट्याचा दोर पुढच्या आकड्यात अडकवला, कारण मला गाव सोडताना ज्यांनी बघितलं त्यांनी त्याला तसंच सांगितलं असणार. स्वतः दांड्यांच्या आत शिरला. आणि निघाला माझा संसार, माझ्या डोळ्यांदेखत. जाताना वळून म्हणाला, "कुत्र्याला पोचल्यावर घालतो खड्ड्यात. तोवर ओढू दे."

गाडी एक वेळ गेली असती. मी कुठंतरी भांडी घासली असती. पण पाव्हण्याला मी त्याच्या हाती कसं जाऊ देणार? नवऱ्याच्या शेवटच्या दिवसात त्या खोलीत आम्ही दोघंच होतो, मी आणि ते कुत्रं.

म्हातारी माझ्या कानाशी वाकली. "ऊठ गं. रडायचं असेल तर नंतर रड. माझा विळा तुझ्या अंगाखाली आहे." मी उठले. तिनं विळा उचलला, स्वतःच्या कपड्याला पुसला आणि माझ्या उजव्या हातात दिला. "घेऊन जा. पण परत आण हं, माझी अजून सगळी कापणी राहिलीय."

मी चालायला लागले. पळता येत नव्हतं, एक पाऊल टाकलं की खांद्यातून कळ थेट दातात जायची. गिरणीपासून वाट थोडी चढते आणि मग माथा लागतो. तिथून खाली नदीपर्यंत सरळ खडा उतार, पहिल्या वळणाला दगडी कठडा. मला गाडी दिसत होती. आणि मला माहीत होतं आता काय होणार.

झालंही तसंच. माथा आला आणि पाव्हणा बसला.

इतकं मारलेलं, एक डोळा बंद, तोंडातून रक्त गळतंय, तरी आपलं काम विसरला नाही. जिथं बसायचं तिथंच बसला. दिराला वाटलं, हट्ट करतोय. त्यानं दांड्यांतूनच काठी लांब करून मारायला सुरुवात केली. पाठीवर, मानेवर, परत पाठीवर. कुत्रं प्रत्येक काठीला अंग आकसायचं, पण उठत नव्हतं.

मी जीव खाऊन ओरडले, "भावोजी, मारू नका त्याला! गाडी थांबवा! आधी बाहेर या, त्याला मागं बांधा, तुम्ही मागं व्हा!"

तो थांबला, माझ्याकडं बघून हसला. "मला शिकवतेस? दगडात जन्म गेला माझा."

"अहो, दगडच आहे तो वर! अंगावर येईल!"

"येऊ दे. तुझ्यासारखा मी बाईमाणूस आहे का?"

आणि त्यानं छातीनं जोर लावून गाडी माथ्यावरून पुढं ओढली. चाकं दोन हात सरकली. थांबली. त्याला आधी मजा वाटली असेल, ओढावं लागत नाही म्हणून. मग चाकांखालचा चिखल वरून फुटला आणि आतून सुटला. मागून वजन आलं. त्यानं पाय रोवले, बूट घसरले. तो आता गाडी ओढत नव्हता, गाडी त्याला ढकलत होती. पाव्हणा दांडीखाली सापडला, पट्ट्यानं फरफटायला लागला, नखांनी चिखलात चर पडत होते.

मी गाडी गाठली. आता नीट ऐका, कारण इथं मी खोटं बोलणार नाही. गाडीच्या मागं, मी उताराला धरते तो दोर माझ्यासमोर लोंबत होता. वाटेच्या कडेला एक झाड होतं. त्या दोराचा एक वेढा झाडाला दिला असता तर गाडी थांबली असती, कदाचित. पण कुत्रं तोवर चाकाखाली गेलं असतं. आणि मला हात एकच होता, त्यात विळा होता. विचार करायला वेळ मिळाला नाही असं मी सांगू शकते, पोलिसाला तसंच सांगितलं. पण मिळाला होता. पापणी लवेल एवढा, पण मिळाला. मी दोराला हात लावला नाही. पुढं धावले, दांडीखाली विळा घातला आणि पट्टा कापला. एकाच घावात.

पाव्हणा लोळत कडेला गेला. गाडी दिराला घेऊन गेली.

दांड्यांना पुढं आडवा पाइप, त्याला बाहेर निघता येईना. आधी तो धावत होता, मग उड्या मारत होता, मग नुसता लोंबकळत होता. "थांबव! थांबव!" ओरडत होता, कुणाला कोण जाणे. पहिल्या वळणावर गाडी कठड्यावर आदळली आणि उलटली. तो बाहेर फेकला गेला. वाटलं, वाचला. तेवढ्यात दगड बैठकीतून सुटला, एकदा गरगरला आणि त्याच्या दोन्ही गुडघ्यांवर येऊन आडवा पडला.

खाणीतलं कुणी मेल्यावरचं रडणं मी ऐकलंय. असं ओरडणं नव्हतं ऐकलं.

आता गाव आलं. आता सगळे आले! गिरणीवाला, खाटीक, मागून म्हातारी. दोघांनी मिळून दगड बाजूला केला. एका पायाचं हाड नडगीतून बाहेर आलेलं, पांढरं. दुसरा पाय नको तिकडं वळलेला. गिरणीवाला ओकला. दवाखाना खाली नदीकाठी. त्याचा टेम्पो पोती घेऊन सकाळीच खाली गेलेला. फोन लावला तर दवाखान्याची गाडी दुसरीकडं अडकलेली. रक्त थांबत नव्हतं. सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले आणि मग सगळे माझ्या गाडीकडं बघायला लागले. उलटी पडली होती, एक चाक जरा वाकलं होतं, पण फळी न फळी शाबूत. माझ्या नवऱ्याचं काम होतं ते.

गिरणीवाला म्हणाला, "बाई, माणुसकी म्हणून..."

"तुम्ही माणुसकीचं बोलू नका," मी म्हटलं. "मघाशी घरचं भांडण होतं ना? मग घरचंच माणूस घेऊन जाईल. तुम्ही आपलं माझ्या या दगडावर बसा. मी परत येईपर्यंत उठायचं नाही. दगड गेला तर तुमची गिरणी उचलून नेईन."

तो बसला, खरंच!

मी दिराजवळ गेले. तोंड राखेसारखं झालेलं. "भावोजी, गाडी कुणाची?"

"तुझी," तो कण्हला. "तुझी गं, तुझी. आधी मला चढव."

"मोठ्यानं बोला. म्हातारीला कमी ऐकू येतं."

"तुझीच!"

"चांगलं ऐकू येतं हो मला," म्हातारी म्हणाली. पण तिनं ऐकून ठेवलं.

खाटकानं गाडी सुलटी केली, सुऱ्यांच्या मुठींनी ठोकून चाक सरळ केलं. दिराला त्यानं उचलून फळीवर ठेवलं, आपल्या खांद्यावरच्या फडक्यांनी त्याचे पाय आवळले. दगडाच्या जागी दीर. वजन जवळजवळ तेवढंच, गाडीला काही फरक कळला नसेल. मी गाडीचं तोंड नदीकडं केलं, आम्ही मागं. मी उजव्या बाजूनं धरलं. डावा हात गळ्यात बांधलेला. खाटीक डाव्या बाजूला येऊन उभा राहिला. त्याच्याशी बोलायचं माझ्याजवळ काही नव्हतं, पण हात उपयोगाचे होते.

आणि पाव्हणा? मी त्याला बोलावलं नाही, जिवाची शपथ. त्याला उभं राहवत नव्हतं. पण गाडीचं तोंड नदीकडं झालेलं बघितलं आणि आला लंगडत, मागच्या आकड्याशी जाऊन उभा राहिला. पट्टा तर मी कापलेला. मग मी मागच्या दोराला गाठ मारली, अगदी नवरा मारायचा तशी. "धर पाव्हण्या." त्यानं रक्ताळलेल्या तोंडानं गाठ धरली आणि चारी पाय रोवले.

उतरायला लागलो. दीर उताणा, डोकं आमच्याकडं. मान वर केली की त्याला आम्ही दिसायचो, उलटे. जरा धक्का बसला की किंचाळायचा. गाडी एकदा खड्ड्यात हबकली, हातभर पुढं सुटली आणि परत आवरली. त्यानं डोळे उघडले. खाली किती उतार राहिलाय ते त्याला दिसत नव्हतं, आणि तेच वाईट असतं.

"वहिनी," तो म्हणाला.

आठ महिने त्याच्या घरात, आणि वर किती महिने वाटेवर, तो शब्द मी ऐकला नव्हता. मला रडू आलं. रागानंच आलं, पण आलं.

"वहिनी, कुत्रं घट्ट बांधलंयस ना?"

"बांधलेलं नाही, भावोजी. पट्टा मघाशी कापला ना मी. दोर त्यानं तोंडात धरलाय."

त्यानं मान उचलून बघितलं. मग हळूच, "तोंडात?"

"तोंडात. आता ओरडू नका. तुम्ही ओरडलात की त्याला भुंकावंसं वाटतं."

त्यानं मान मागं टाकली. ज्या पाव्हण्याला त्यानं कधी नावानं हाक मारली नव्हती, त्याच्या त्या फुटलेल्या डोळ्याकडं बघायला लागला. ओठ दातांखाली धरून, धक्क्याधक्क्याला डोळ्यांतून पाणी, पण आवाज नाही. आणि मग एवढ्या हळू बोलायला लागला की खाटकालाही ऐकू गेलं नसेल. "धर रे पाव्हण्या. धर रे बाबा. सोडू नको."

खाली दवाखान्याच्या दारापर्यंत तेवढंच म्हणत होता.